वाचकांचे प्रश्न : सगळ्या शाळा एकाच मैदानावर असाव्यात का?

पावसाळा सरत आला की तालुक्या-तालुक्यांतून शालेय क्रीडा स्पर्धांची लगबग सुरू होते आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही मैदान डोकावू लागते. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या बाजूंनी विचारलेला आहे : खासगी आणि सरकारी शाळांनी एकाच स्पर्धेत खेळावे, की त्यांच्या स्पर्धा वेगळ्या कराव्यात? त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे देत आहोत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तालुका पातळीवरील १७ वर्षांखालील कबड्डी स्पर्धेत आमच्या मुलांची गाठ पहिल्याच फेरीत एका खासगी निवासी शाळेशी पडली. त्या संघातील बहुतेक मुले बाहेरच्या तालुक्यांतून आलेली, वसतिगृहात राहणारी आणि दोन्ही वेळा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करणारी होती. आमची मुले शाळा सुटल्यावर घरची कामे सांभाळून खेळतात. मध्यंतरापूर्वीच आमच्यावर तीन लोण चढले, म्हणजे अख्खा संघ तीनदा बाद झाला. आता मुख्याध्यापक म्हणतात की, हरायलाच जायचे असेल तर एसटीचे भाडे कशाला खर्च करायचे? सरकारी आणि अनुदानित शाळांच्या स्पर्धा वेगळ्या व्हाव्यात, असे आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : सर, आपल्या मुलांवर अन्याय झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु आपण सुचवलेल्या विभागणीने तो दूर होईल, असे मला वाटत नाही. उलट तो नव्या ठिकाणी उभा राहील.

महाराष्ट्रातील शिक्षणाची रचनाच अशी आहे की, जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतांशी सातवी-आठवीपर्यंत असतात आणि त्यापुढचे शिक्षण मुख्यतः शिक्षणसंस्थांच्या हाती आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील माध्यमिक शिक्षणाचा भार अशाच संस्थांनी उचलला. या शाळांचे व्यवस्थापन खासगी आहे, पगार शासनाच्या अनुदानातून होतात आणि विद्यार्थी शेतकऱ्यांचे व मजुरांचे आहेत. आपली शाळाही त्यांपैकीच एक आहे. केवळ शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा वेगळ्या काढल्या, तर १७ आणि १९ वर्षांखालील गटांत अनेक तालुक्यांतून सामना लावण्यापुरते संघसुद्धा जमणार नाहीत. अनुदानित शाळा त्यांच्या बाजूला घेतल्या, तर शहरातील शंभर वर्षे जुनी, स्वतःचे प्रशस्त मैदान, व्यायामशाळा आणि माजी खेळाडूंचा मोठा गोतावळा असलेली अनुदानित शाळा आपल्याच गटात येईल. दुसरीकडे, तालुक्याच्या गावी भाड्याच्या इमारतीत चालणारी, शाळेची बस वळवण्याइतकेच अंगण असलेली विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा मात्र आपल्याला हरवणाऱ्या निवासी शाळेबरोबर बसेल. व्यवस्थापन कोणाचे आहे यावर आखलेली रेघ मैदानावर काहीच सांगत नाही.

मैदानावर फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. एक शाळा आपल्या पंचक्रोशीत जी मुले आहेत त्यांना घेऊन खेळते आणि दुसरी शाळा चांगली मुले हेरून, लांबून बोलावून, राहण्या-जेवणाची सोय करून संघ बांधते. ही दुसरी पद्धत मी गैर मानत नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत होता. त्याचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी त्याला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेत घालायला सांगितले, कारण तेथे क्रिकेटचा भक्कम संघ होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल या मुंबईतील आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अखंड भागीदारी या बदललेल्या शाळेच्या नावावर जमा आहे. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये पुढे रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेचा दबदबा निर्माण झाला. सरफराझ खानच्या २००९ मधील ४३९, अरमान जाफरच्या २०१० मधील ४९८ आणि पृथ्वी शॉच्या २०१३ मधील ५४६ धावांच्या खेळी या एकाच शाळेच्या खेळाडूंच्या आहेत. गुणी मुले एकत्र आली, त्यांना रोज तोलामोलाचा सराव मिळाला आणि त्यातून मोठे खेळाडू घडले, हे मान्यच केले पाहिजे.

असे संघ केवळ खासगी शाळाच बांधतात, असेही नाही. शासनाच्या क्रीडा प्रबोधिन्या राज्यभरातून चाचण्या घेऊन मुले निवडतात आणि त्यांना निवास, आहार व प्रशिक्षण देतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याच योजनेतून पुढे आला. नवोदय विद्यालयेही संपूर्ण जिल्ह्यातून प्रवेश परीक्षेने मुले घेतात. तेव्हा सरकारी म्हणजे दुबळे आणि खासगी म्हणजे बलाढ्य हे समीकरण दोन्ही बाजूंनी फसते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तो सामना आठवून पाहावा. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला आणि समोरचा संघ ३१ व ५२ धावांत दोनदा बाद झाला. प्रणवच्या चिकाटीचे कौतुक आहेच; पण दोन्ही शाळा खासगी होत्या आणि तरीही हा सामना बरोबरीच्यांचा नव्हता. समोरच्या मुलांना त्या दिवशी मैदानात उभे राहून काय शिकायला मिळाले असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता आपल्या संघाकडे वळतो. आपल्या पत्रातील तीन लोणांपेक्षा मला ‘पहिल्याच फेरीत’ हे शब्द अधिक बोचले. तालुक्याच्या सांघिक स्पर्धा दिवस-दोन दिवसांत उरकायच्या असल्यामुळे त्या बाद पद्धतीने घेतल्या जातात. चिठ्ठ्या टाकून सोडत निघते आणि ज्याच्या वाट्याला बलाढ्य संघ येतो, त्याचे वर्ष तासाभरात संपते. जून महिन्यापासून सराव करणाऱ्या मुलाला वर्षाकाठी अधिकृत सामना मिळतो तो एकच, आणि त्यातही तो बहुतेक वेळ मैदानाबाहेर बसून गडी जिवंत होण्याची वाट पाहत असतो. वरच्या पातळीवरचे सामने आता मॅटवर होतात आणि मॅटवर खेळायला बूट लागतात. मातीवर अनवाणी खेळलेला मुलगा बूट घालून चढाईला गेला की, पाय घसरेल या धास्तीने त्याचा पहिला पल्लाच आखूड पडतो. जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेपर्यंत पोचण्याआधीच तो मागे वळतो. ही भीती चार-पाच सामने खेळल्यावर मोडते. आपली मुले हरली याचे मला फारसे दुःख नाही. ती पुन्हा खेळलीच नाहीत, याचे आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, शाळा एकत्रच खेळाव्यात, पण पहिल्या दिवसापासून नव्हे. प्रवेशिकेसोबत खेळाडूंची यादी, जन्मतारखा आणि मुख्याध्यापकांची सही आजही द्यावी लागते. त्याच यादीत आणखी एक रकाना हवा : हा विद्यार्थी या शाळेत कोणत्या इयत्तेत आला आणि त्याआधी तो कोणत्या तालुक्यात शिकत होता. संघातील एकतृतीयांशाहून अधिक मुले माध्यमिक इयत्तांत बाहेरच्या तालुक्यातून आलेली असतील, तर त्या शाळेला, मग ती खासगी असो, अनुदानित असो की शासकीय, मानांकन देऊन थेट पुढच्या टप्प्यावर घ्यावे. उरलेल्या शाळांचे चार-चारांचे गट पाडून साखळी सामने घ्यावेत, म्हणजे प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. त्यांतील विजेते आणि मानांकित संघ जिल्ह्याला एकमेकांसमोर यावेत. एकतृतीयांश हे प्रमाण माझे आहे. अनुभवी क्रीडाशिक्षकांना ते कमी-जास्त करावेसे वाटले तर जरूर करावे. मात्र मोजायचे ते संघ कसा जमला हे, शाळेच्या पाटीवर काय लिहिले आहे ते नव्हे. या पद्धतीत शाळा बदलणाऱ्या मुलाला कसलीही शिक्षा होत नाही, शाळेचा टप्पा तेवढा बदलतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण खेळासाठी शाळा बदलणाऱ्या मुलांना वर्षभर बाहेर बसवावे, अशी सूचनाही काही पत्रांत आहे. तसा नियम केला, तर तो आधी गरीब घरातील गुणी मुलाच्याच वाटेत आडवा येईल.

आपल्या मुख्याध्यापकांना माझी नम्र विनंती कळवावी. यंदाचे भाडे वाचवण्याऐवजी शेजारच्या तीन शाळांशी बोलून दिवाळीपूर्वी शनिवारी दुपारी मैत्रीपूर्ण सामने ठेवावेत. त्याला शासनाची परवानगी लागत नाही आणि एसटीही फार लांबची धरावी लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकमधील एका विनाअनुदानित शाळेत नववीत आहे आणि जलतरणात भाग घेतो. त्याच्या प्रशिक्षणाचा, तलावाच्या शुल्काचा आणि आहाराचा खर्च आम्ही पोटाला चिमटा घेऊन करतो. तरीही तो पदक घेऊन आला की, ‘खासगी शाळेतला आहे, त्याला काय कमी’ असे ऐकावे लागते. वेगळ्या स्पर्धांची मागणी म्हणजे मेहनत करणाऱ्या मुलांना बाजूला सारणे नव्हे काय? या तर्काने आमच्या मुलांनी कुठे खेळायचे?

उत्तर : ताई, पहाटे पाच वाजता तलावावर पोचणारा मुलगा आणि त्याला तेथे नेणारे पालक यांचे कष्ट कोणी हलके लेखू नयेत. पोहण्यात घड्याळ जे दाखवते, ते त्याने स्वतः कमावलेले असते.

परंतु आपल्या प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्यासमोर ठेवणे मला भाग आहे. जलतरण, स्केटिंग, टेनिस आणि नेमबाजी या खेळांत जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल हरत नाही, ते मुळात तेथे नसतेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान असण्याची अट घातली. पण सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळण्याकरिता त्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असावी लागतात. वाडीवस्तीवरच्या शाळेत एवढी मुले कोठून येणार? तेथे गणित शिकवणारे गुरुजीच शिट्टी घेऊन मैदानात उतरतात. अशा शाळांसाठी जलतरणाची वेगळी स्पर्धा जाहीर करून काहीही साधणार नाही, कारण प्रश्न स्पर्धेचा नसून पाण्याचा आहे. जिल्हा क्रीडा संकुलांतील तलाव शाळांच्या वेळेत त्या मुलांना विनाशुल्क खुले केले, तर पाच वर्षांनी आपल्या मुलाच्या शेजारच्या मार्गिकेत नवे प्रतिस्पर्धी दिसतील, आणि चांगल्या जलतरणपटूला तेच हवे असते.

खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतींत चित्र उलटे आहे. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ साली कुस्तीचे कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. दिल्लीच्या २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत ही नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची. ती तर आपल्याच जिल्ह्याची. उद्या कोणी ‘खासगी शाळांची वेगळी धावण्याची स्पर्धा’ भरवली, तर त्यात पहिला आलेल्या मुलाला आपण नेमके कितवे आहोत हे कधीच कळणार नाही. राज्याच्या संघात जागा मिळवायची असेल, तर त्याला पेठ-सुरगाण्याच्या पोरांबरोबर पळावेच लागेल. वेगळेपणाचा तोटा असा दोन्हीकडे होतो.

तेव्हा आपल्या मुलाने सर्वांबरोबरच खेळावे आणि मान वर करून खेळावे. माझा आक्षेप फक्त एका गोष्टीला आहे. काही शाळा तयार खेळाडूला ऐन नववी-दहावीत शुल्कमाफी देऊन बोलावतात, त्याच्या पदकाचे छायाचित्र प्रवेशाच्या जाहिरातीत छापतात आणि शालान्त परीक्षा झाली की त्याला विसरतात. ज्या शिक्षकाने त्याला पाचवीपासून घडवले, त्याच्या शाळेचे नाव कोठेच येत नाही. प्रमाणपत्रावर आणि निकालपत्रकावर ‘पूर्वीची शाळा’ अशी एक ओळ छापली, तर खर्च काहीच नाही. पण त्या शिक्षकाच्या कामाची नोंद राहील.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असता असे दिसले की, माझा नातू ज्या सरकारी शाळेत शिकतो तिचा बास्केटबॉल संघ एरवी एका कॅथलिक शाळेशी सामने खेळतो, पण राज्य विजेतेपदासाठी मात्र दोघांचे गट वेगळे असतात. तेथे हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला आहे?

उत्तर : काका, तेथे तो सुटलेला नाही, पण त्यावर इतके प्रयोग झाले आहेत की आपल्याला त्यांतून पुष्कळ शिकता येते.

अमेरिकेत शालेय क्रीडा ही प्रत्येक राज्याच्या संघटनेची बाब आहे आणि प्रत्येकीने आपली वाट निराळी काढली आहे. तेथील सरकारी शाळेत मूल जाते ते पत्त्यावरून. शाळेचे क्षेत्र नकाशावर आखलेले असते. खासगी शाळेला असे कुंपण नसते आणि भांडणाचे मूळ तेथेच आहे. टेक्सासने जवळपास पूर्ण विभागणी स्वीकारली : सरकारी शाळांची संघटना एक आणि खासगी शाळांची दुसरी, डॅलस आणि ह्यूस्टन येथील दोन जेझुइट (कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळांना मात्र २००३ पासून सरकारी शाळांच्या संघटनेत खेळू दिले जाते. मेरीलँडची राज्य संघटना सरकारी शाळांपुरतीच आहे. टेनेसीने १९९७ मध्ये जी रेघ आखली ती मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते, कारण तेथे केवळ शाळा खासगी आहे का, एवढेच पाहिले नाही. खेळाडूंना आर्थिक साहाय्य देणाऱ्या खासगी शाळांचा विभाग वेगळा केला. त्याच राज्यात एका खासगी शाळेच्या प्रशिक्षकाने आठवीतील मुलांना सरावाला येण्याचे पत्र पाठवले, म्हणून संघटनेने त्या शाळेवर कारवाई केली आणि तो वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला. २००१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, अशी संघटना शासनाप्रमाणेच राज्यघटनेला बांधील आहे. २००७ मध्ये मात्र, मुले ओढण्यास मनाई करणारा तिचा नियम वैध ठरला. खेळाडूंना कोण कसे बोलावते हा प्रश्न मैदानाबाहेर किती दूरवर जाऊ शकतो, हे त्यावरून कळेल.

इलिनॉयने २००५ मध्ये गुणकाचा मार्ग धरला. स्पर्धेसाठी शाळांचे लहान-मोठे वर्ग पटसंख्येवरून ठरत असल्यामुळे, ठरावीक क्षेत्र नसलेल्या शाळेची पटसंख्या १.६५ ने गुणायची आणि तिला मोठ्या शाळांबरोबर खेळवायचे. हिशेब सोपा आहे, पण त्यात न्याय आंधळा होतो. मुले ओढणारी नामवंत शाळा आणि मोजक्या मुलींचा कसाबसा संघ उभा करणारी लहान मिशनरी शाळा यांना एकाच आकड्याने गुणले जाते. पुढे तेथे काही शाळांना सवलत देण्याची सोय करावी लागली, हे स्वाभाविकच होते. इंडियानाने यशालाच निकष केले : सातत्याने जिंकणारा संघ वरच्या वर्गात चढतो, मग तो सरकारी शाळेचा असला तरी.

मला सर्वांत पटला तो ओहायोचा मार्ग. तेथील शाळांनी वेगळ्या स्पर्धांचे प्रस्ताव पूर्वी फेटाळले होते आणि समतोलाचा नवा प्रस्तावही लागोपाठ तीन वर्षे नापास होऊन अखेर २०१४ मध्ये संमत झाला. त्यात प्रत्यक्ष संघातील खेळाडू मोजले जातात आणि कोण कोठून आला त्याप्रमाणे शाळेच्या पटसंख्येच्या आकड्यात भर पडते; सरकारी शाळेने बाहेरच्या क्षेत्रातून मुले घेतली असतील तर तिच्याही. सांगलीच्या सरांना मी जो रकाना सुचवला आहे, त्याची प्रेरणा या पद्धतीत आहे, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्याकडे पटसंख्येचे वर्ग नाहीत, त्यामुळे आकडेमोड जशीच्या तशी घेता येणार नाही. तत्त्व मात्र घेता येते.

नातवाच्या न्यू जर्सीविषयी : तेथे हंगामात एकत्र आणि राज्याच्या बाद फेरीत वेगळे, अशी व्यवस्था सांघिक खेळांत आहे. पूर्वी बास्केटबॉलसारख्या खेळांत सर्व गटांच्या विजेत्यांची एक अंतिम स्पर्धा होत असे आणि त्यातून राज्यातील एकच सर्वश्रेष्ठ संघ ठरत असे. ती २०२२ मध्ये बंद झाली. कुस्तीत मात्र वैयक्तिक राज्य स्पर्धेत सगळ्या शाळांची मुले आजही एकाच मॅटवर उतरतात. आपण पुन्हा तिकडे जाल तेव्हा ती अवश्य पाहावी.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्या केंद्र, तालुका आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र क्रीडा स्पर्धा होतातच. आश्रमशाळांच्याही प्रकल्प पातळीपासून राज्यापर्यंत स्वतःच्या स्पर्धा आहेत. मग वेगळेपणा आधीच असताना ही चर्चा कशासाठी?

उत्तर : बाई, आपण फार नेमका मुद्दा मांडला आहे. या स्पर्धा चांगल्या आहेत आणि त्या राहिल्याच पाहिजेत. तेथे मुलाला सामने मिळतात, ढाल मिळते, गावात मिरवणूक निघते. अडचण एवढीच की, पुष्कळदा त्याची वाटचाल तेथेच थांबते. राज्याच्या शालेय संघाची निवड, राष्ट्रीय शालेय स्पर्धा आणि दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणारी गुणसवलत यांकडे जाणारा रस्ता क्रीडा खात्याच्या तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या पायऱ्यांवरून जातो. सीबीएसई, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचे संघ शालेय राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र घटक म्हणून उतरतात; त्यांच्यासाठी वेगळेपणाच्या शेवटी एक दार उघडे आहे. आपल्या मुलांच्या वेगळ्या स्पर्धेच्या शेवटी तसे दार नाही. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या विजेत्यांना क्रीडा खात्याच्या जिल्हा स्पर्धेत थेट प्रवेश दिला, तर वेगळे खेळणे ही एकत्र खेळण्याची तयारी ठरेल. ही मागणी केंद्रप्रमुखांमार्फत लेखी जावी. तोंडी बोलणे बैठकीतच राहते.

प्रश्न : मी महानगरपालिकेच्या शाळेत नववीत शिकते. मी लांब उडी मारते. आमच्या शाळेत मैदान नाही, म्हणून मी रस्त्यापलीकडच्या बागेत सराव करते. मैत्रिणी म्हणतात की, मोठ्या शाळेत नाव घातल्याशिवाय काही होणार नाही. बाबांना तिथली फी झेपणार नाही. मी काय करू?

उत्तर : तू शाळा बदलू नकोस, निदान या कारणासाठी आणि या वर्षी तरी नको. लांब उडी हा वैयक्तिक खेळ आहे आणि त्यात तुझ्या शाळेचा संघ चांगला असण्याची गरज नाही. महानगरपालिका क्षेत्राच्या शालेय मैदानी स्पर्धेत तुझी प्रवेशिका तुझ्या शाळेतून, मुख्याध्यापकांच्या सहीने जाते. शाळेत क्रीडाशिक्षक नसतील, तर वर्गशिक्षकांना सांग. कोणत्याही शिक्षकांनी जबाबदारी घेतली तरी काम होते. मात्र अर्जाची मुदत चुकवू नकोस, कारण मैदान नसलेल्या शाळांतील मुलींची संधी बहुधा उडीत नव्हे, कागदात हुकते. जन्मदाखला आणि शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आतापासूनच एका फाइलमध्ये ठेव.

बागेतल्या सरावाबद्दल एक काळजी घे. कडक जमिनीवर किंवा फरशीजवळ पूर्ण उडी मारू नकोस, घोटा आणि गुडघा दुखावतो. तेथे धाव, टप्पे मोजणे आणि एका पायावरच्या लहान उड्या एवढेच कर. वाळूच्या खड्ड्यात उडी मारण्यासाठी आठवड्यातून एकदा तरी जिल्हा क्रीडा संकुलात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मैदानावर जायला मिळते का, ते बाबांसोबत जाऊन विचार. धावेच्या पहिल्या पावलापासून उडीच्या फळीपर्यंत तुझी पावले किती होतात आणि ते अंतर किती भरते, ते वहीत लिहून ठेव. स्पर्धेच्या दिवशी टेप मागून तेवढे अंतर आधी मोजून घे आणि आपली खूण कर. मोठ्या शाळांच्या मुली ते करताना दिसतील. त्यांच्या अंगावर ट्रॅकसूट असतील आणि सोबत प्रशिक्षक असतील. पण फळीच्या पुढची वाळू सगळ्यांसाठी तीच असते आणि टेप लावणारे पंच शाळेचे नाव विचारत नाहीत. तुझी उडी किती झाली, ते आम्हाला नक्की कळव.